दोन ते पाच जणांसाठी

१

मुलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी सलग तीन दिवस तिकिटांचा अभ्यास केला. चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढल्यावर माणसाला नियम वाचायची गोडी लागते, आणि या परक्या देशाच्या रेल्वेने नियम करताना हात मुळीच आखडता घेतला नव्हता.

लाल गाड्या जलद, त्यांचं तिकीट वेगळं. पिवळ्या गाड्या प्रादेशिक, म्हणजे दर दहा मिनिटांनी थांबत रमतगमत जाणाऱ्या. त्यांचं एकेरी तिकीट होतं, जाऊन-येऊन तिकीट होतं, सायकलचं होतं, कुत्र्याचं होतं. ज्येष्ठ नागरिकांचंही होतं, पण त्यासाठी आधी कार्ड, कार्डासाठी इथे राहत असल्याचा दाखला, आणि दाखल्यासाठी सहा आठवडे. कुत्र्याचं तिकीट लगेच मिळत होतं.

"अहो, एका दिवसाची सहल आहे," बायको म्हणाली. "वकिलीच्या परीक्षेला बसताय का?"

"चार माणसांना परमुलखात न्यायचं म्हणजे पोरखेळ नाही," मी म्हणालो आणि चष्मा पुसून पुन्हा बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला हवं ते सापडलं. दिवसभराचं समूह-तिकीट. दोन ते पाच जणांसाठी एकच दर. फक्त पिवळ्या गाड्या, सकाळी नऊनंतर. तिकिटावर पाच ओळी छापलेल्या असतात, त्यांत प्रवाशांची नावं शाईने लिहायची. खाडाखोड केली तर तिकीट बाद. आणि लिहिलेले सगळे प्रवासी जाताना-येताना एकत्र असले पाहिजेत. मला या रेल्वेबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. कोणीतरी माझ्यासारखाच माणूस तिथे बसलेला असणार.

२

सहल कशासाठी, तेही सांगायला हवं. हौस म्हणून कोणी विहीणबाईंना घेऊन फिरायला जात नाही.

मुलीचं घर दोन खोल्यांचं. त्यात ती, जावई, तीन आठवड्यांसाठी आलेले आम्ही दोघं, आणि महिन्यासाठी येऊन चार महिने झालेले विहीणबाई आणि व्याही. विहीणबाई बावीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली तरी घंटा सुटली नव्हती. चौतीस वर्षांचा जावई आई खोलीत आली की शर्ट खोचायचा. व्याही चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, फार गोड माणूस. कानाला श्रवणयंत्र लावायचे आणि विहीणबाई बोलू लागल्या की ते काढून खिशात ठेवायचे.

सहलीच्या आदल्या दिवशी मुलीने मला भांडी पुसायला बोलावलं. मी ओळखलं, भांडी हे निमित्त आहे.

"बाबा, आम्ही इथे घर बघितलंय," ती नळ सोडून हळू आवाजात म्हणाली. "परवा सकाळी दहा वाजता सह्या आहेत. आईंना अजून सांगितलं नाही." आई म्हणजे तिची आई नव्हे, सासू. "त्यांनी मनाशी पक्कं केलंय, याने नोकरी सोडायची आणि परत जाऊन त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचं. उद्या संध्याकाळी आम्ही सांगणार आहोत. त्या चिडल्या तर हा सही करणार नाही. मी ओळखते ना त्याला."

"मग?"

"मग मी तुमच्याबरोबर परत येईन. कायमची. माझ्यात आता ताकद राहिली नाही."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. लहानपणी ताप आला की व्हायचं तसं.

"त्यांना उद्याचा दिवस बाहेर न्या," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी खुशीत परत आणा. एवढंच करा."

"हसत घरी आणतो बघ तुझ्या सासूबाईंना," मी छाती पुढे काढून म्हणालो. बोलून गेलो खरा. चार महिन्यांत त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

३

स्टेशनवरच्या यंत्राने पहिल्यांदा माझी नोट परत केली, दुसऱ्यांदा मला परत केलं, म्हणजे सुरुवातीच्या पानावर आणून सोडलं.

"तीन दिवस अभ्यास करून हे?" मागून विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी जांभळं स्वेटर घातलं होतं, हातात भलीमोठी कापडी पिशवी होती. पिशवीत थर्मास, बसायला उशी आणि जगावर विश्वास नसलेल्या माणसाला लागणारं बाकी सगळं होतं.

अखेर तिकीट निघालं. मी पेन काढून नावं लिहिली. आधी माझं, मग बायकोचं, मग विहीणबाईंचं, मग व्याह्यांचं.

"स्वतःचं नाव पहिलं!" विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या शाळेत ज्येष्ठतेनुसार लिहायचे."

मी ते गिळलं. पण पाचवी ओळ रिकामी राहिली होती आणि ती मला गिळवेना. आमचे पहिले साहेब म्हणायचे, रिकामा रकाना आणि उघडं गटार सारखंच, कोणीतरी येऊन पडतंच. कचेरीत अशा जागी आम्ही आडवी रेघ मारायचो. इथे रेघ मारली तर ती खाडाखोड ठरली असती. गाडी यायला चार मिनिटं होती. मग चौतीस वर्षं शेवटच्या रकान्यात जे लिहीत आलो तेच मी सवयीने लिहून टाकलं. 'इतर.'

पासपोर्टातल्या लिपीत ते कोणाच्याही नावासारखं दिसत होतं. आता तिकीट कसं भरल्यासारखं वाटलं. मी शाई वाळवायला फुंकर मारली.

४

डब्यात समोरासमोर चार आसनं होती आणि वाटेच्या पलीकडे एक सुटं. आम्ही चौघं समोरासमोर बसलो. खिडकीच्या काचेवर डाग आहे, आसन उलट दिशेला आहे, गाडी फार हळू जाते आणि माझं सगळं आयुष्यच असं पिवळ्या गाडीत गेलं असणार, हे सगळं विहीणबाईंनी पहिल्या स्टेशनाच्या आत सांगून टाकलं. व्याह्यांचं श्रवणयंत्र केव्हाच खिशात गेलं होतं.

तपासनीस आला. तरुण, हसरा. त्याने तिकीट वाचलं आणि बोटाने मोजलं. एक, दोन, तीन, चार, आणि बोट वाटेपलीकडच्या आसनाकडे नेऊन, पाच. मान डोलावली, तिकिटाला भोक पाडलं आणि पुढे गेला.

मी त्या आसनाकडे पाहिलं. त्यावर विहीणबाईंची पिशवी होती.

"पिशवीला माणूस समजला," मी बायकोच्या कानात म्हणालो.

"तुमचं काय जातंय?" ती म्हणाली. "बरोबर आलं ना मोजून?"

बरोबर आलं होतं, हाच तर त्रास होता. चार माणसं आणि पाच नावं असताना हिशेब जुळला की मला काही सुचत नाही. पण परक्या देशात तपासनिसाला थांबवून 'तुमची चूक झाली, आम्ही एक कमी आहोत' असं सांगणारा माणूस मी नाही. पुढच्या स्टेशनवर विहीणबाईंनी थर्मास काढायला पिशवी मांडीवर घेतली. नंतर ती त्यांनी परत त्या आसनावर ठेवली नाही, पायाशी ठेवली.

"तिथेच ठेवा की," मी म्हणालो.

"तिथे कशी ठेवू?" त्या म्हणाल्या, आणि मग आपणच काय बोललो ते न कळल्यासारख्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

५

ज्यासाठी गेलो ते तळं सुंदर होतं. विहीणबाईंच्या मते जरा लांबट होतं.

होडीवाल्याने आम्हाला नारिंगी जाकिटं वाटली. पाच. मी चार बोटं दाखवली. त्याने आमच्याकडे पाहिलं, स्वतःचा पंजा पसरून मला दाखवला आणि इंजिन सुरू केलं. मी पाचवं जाकीट मागच्या बाकावर ठेवून दिलं. अर्धा तास विहीणबाई पाण्याचा रंग, होडीचा धूर आणि आमच्या मुलीच्या हातचा भात या विषयांवर बोलल्या. उतरताना मी जाकिटं गोळा करून परत दिली, ती माझी सवय. पाचव्याचे तिन्ही पट्टे बांधलेले होते. सोडवताना आत हात गेला तर ते उबदार लागलं.

ऊन पडलं असेल. आकाश सकाळपासून ढगाळ होतं, पण उन्हाचं काय सांगावं.

मग चहा प्यायला गेलो. चार सांगितले, पाच आले. मी चहा आणणाऱ्या पोरीला परत बोलावणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "राहू द्या हो, कोणीतरी घेईल." आम्ही गोल टेबलाभोवती बसलो होतो आणि माझ्या लक्षात आलं की मी आणि व्याही यांच्यामध्ये एका खुर्चीएवढी जागा सोडलेली आहे. कोणी सोडली, आठवेना. थोड्या वेळाने व्याह्यांनी पाय आत घेतले, समोरून कोणी जात असलं की घेतो तसे, आणि अर्धवट हसून मान लववली. समोरून कोणी गेलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते गोंधळून स्वतःच्या पायांकडे बघत होते.

निघताना पाचही कप रिकामे होते. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. व्याह्यांना चहाची आवड आहे, बायकोही अधूनमधून माझ्या नकळत दोन घेते. मी मनाशी एक टिपण केलं आणि ते फाडून टाकलं, कारण माझ्यापुढे त्याहून मोठा प्रश्न उभा होता. साडेतीन वाजले होते आणि विहीणबाईंच्या कपाळावरची आठी सकाळपेक्षा खोल गेली होती. संध्याकाळी मुलगी दारात उभी असणार, आणि मी तिच्यासमोर हे असं तोंड नेऊन ठेवणार.

६

परतीचं स्टेशन एवढंसं होतं. एक फलाट, एक प्रतीक्षालय, माणूस कोणी नाही. प्रतीक्षालयात भिंतीला धरून एक लांब बाक होता, खाली गरम पाण्याचे नळ होते आणि ते मधूनच कण्हल्यासारखा आवाज करत. घड्याळाचा काटा मिनिटभर स्तब्ध उभा राही आणि मग टक्कन उडी मारी. आत शिरलो की छतातला दिवा आपोआप लागला.

"विहीणबाई, दिवस चांगला गेला ना?" मी विचारलं. माझा आवाज लाचार येत होता, मलाच ऐकवेना.

त्यांनी उशी बाकावर ठेवली, त्यावर बसल्या आणि शाळेत शिपायाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"व्याहीबुवा, मी दूधखुळी नाही. मला दिवसभर का हिंडवताय ते मला समजत नाही असं वाटलं? पोरांना संध्याकाळी काहीतरी सांगायचंय. घर घ्यायचंय त्यांना, होय ना? कागद मी कपाटात पाहिलेत."

बायकोने माझी बाही धरली.

"मी त्याला घेऊनच जाणार," विहीणबाई म्हणाल्या. "आज रात्रीच त्याला बसवून सांगणार आहे. तुमच्या मुलीला यायचं तर तिने यावं, नाहीतर तिची मर्जी. चार माणसांनी मिळून मला खेळवू नका."

गाडी आली. पिवळा रंग खिडकीतून खोलीत पसरला.

"चला, गाडीत बोलू," मी हात जोडले. खरंच जोडले.

"तुम्ही जा. तुमच्याबरोबर बसायची मला इच्छा नाही. मी मागच्या गाडीने येईन." आणि त्या भिंतीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ फिरवून बसल्या.

"पण तिकीट एकच आहे हो! सगळ्यांना एकत्र..."

घड्याळाचा काटा उडाला. दारं बंद होण्याची शिट्टी वाजायला लागली. व्याही आधीच डब्याच्या पायरीवर होते. मी दारात एक पाय आत, एक बाहेर असा उभा. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते मी लपवणार नाही. मला वाटलं, ही बाई आज घरी आलीच नाही तर किती बरं होईल.

"अहो, काय करताय तिथे?" आतून बायकोची हाक आली. "चढा की! त्या केव्हाच येऊन बसल्या!"

७

मी आत गेलो. विहीणबाई खिडकीशी बसल्या होत्या. जांभळं स्वेटर, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. माझ्याकडे बघून त्यांनी थोडी जागा करून दिली.

"बसा," त्या म्हणाल्या. "दमलात आज माझ्यापायी."

मी बसलो. प्रतीक्षालयाला बहुतेक दुसरं दार असावं. असणारच. म्हाताऱ्या माणसांना राग येतो आणि जातो, नि रागाच्या भरात ती भराभर चालतातही. मी हे सगळं मनात मांडत होतो तोच गाडी हलली आणि प्रतीक्षालयाची खिडकी आमच्या काचेसमोरून हळूहळू गेली. आत दिवा होता. बाकावर भिंतीकडे तोंड करून कोणीतरी बसलं होतं. जांभळी पाठ, ताठ. बाजूला पिशवी.

जांभळी स्वेटरं जगात खंडीभर असतात. मी मान वळवली नाही.

जाताना हसरा तपासनीस होता, येताना एक करड्या केसांची बाई आली. तिने तिकीट वाचलं, आम्हाला मोजलं आणि थांबली.

"चार," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "इथे पाच."

सकाळपासून ज्या माणसाची मी वाट पाहत होतो तो आता भेटला होता, आणि आता मलाच तो नको होता. एक नाव चुकून जास्त लिहिलं, असं मी सांगू लागलो. तिने मान हलवली. तिकीट पाटीवर ठेवून समोर धरलं आणि खूण केली. प्रत्येकाने आपापलं नाव दाखवा.

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बायकोने दुसऱ्या. व्याह्यांनी बोट चौथ्या ओळीवर ठेवलं आणि लगेच उचललं.

विहीणबाई पुढे वाकल्या. डोळ्यांवर चष्मा होता, उजेड भरपूर होता. त्यांचं बोट तिसऱ्या ओळीवरून संथपणे खाली आलं, चौथी ओळ ओलांडली आणि पाचव्या ओळीवर टेकलं. तिथे ते राहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. मी वचन दिलं होतं तशाच, छान, मनमोकळ्या हसल्या.

बायको खिडकीबाहेर पाहत होती. व्याह्यांनी खिशातून श्रवणयंत्र काढलं आणि कानाला लावलं.

"मग ही?" तपासनीस बाईने तिसऱ्या ओळीवर पेन टेकवलं. "ही कुठे आहे?"

मला सत्य सांगता आलं असतं. साखळी ओढा, गाडी मागे न्या, निदान पुढच्या स्टेशनला फोन करा, एवढं इंग्रजी मला येतं. पण मला मुलीच्या डोळ्यांखालचं काळं दिसत होतं.

"ती आली नाही," मी म्हणालो.

खाडाखोडीचा अधिकार फक्त तिलाच होता. तिने त्या नावावर सरळ रेघ मारली आणि शेजारी शिक्का उठवला. विहीणबाईंनी पिशवी उघडून आम्हा सगळ्यांना गोळ्या दिल्या.

८

मुलगी दारातच होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"किती थकलीस गं," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

जावयाने घराचं सांगायला सुरुवात केली तेव्हा त्याने शर्ट खोचला होता आणि आवाज चिरकत होता. दोन वाक्यांत त्याने सगळं सांगून टाकलं आणि मार खायला उभं राहावं तसा उभा राहिला. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"घर घेताय? छान," त्या म्हणाल्या. "खोल्या किती आहेत?"

"चार," जावई म्हणाला.

"पाच असत्या तर बरं झालं असतं. पण चालेल." आणि परत हसल्या.

जावई रडला. तिशी ओलांडलेला माणूस आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, तेव्हा माझेही डोळे भरून आले. मुलगी स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यात पडली. "बाबा, काय जादू केलीत हो?"

"तळ्याकडची हवा मानवली," बायकोने परस्पर उत्तर दिलं. मुलगी गेल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही काही विचारू नका. मलाही विचारू नका."

न विचारताही दिसत होतं. चार महिने या घरात राहिलेल्या बाईला न्हाणीघराचं बटण सापडलं नाही. जेवायला बसताना त्यांनी नेहमीची खुर्ची घेतली नाही, सगळे बसेपर्यंत मागे उभ्या राहिल्या आणि उरलेल्या जागेवर बसल्या. भाताला नाव ठेवलं नाही. व्याह्यांना त्यांनी विचारलं, "तुम्हाला अजून थोडं वाढू?" आणि व्याह्यांच्या हातातला चमचा ताटात पडला.

९

जेवणानंतर आम्ही दोघं गच्चीत उभे राहिलो. काचेचं दार मागे लोटून घेतलं. खाली रस्त्यावरचे दिवे लागत होते.

"लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली," व्याही म्हणाले. "मला अजून वाढू का, असं कोणी विचारलं नव्हतं."

"तुम्ही पाहिलंत?"

"तुम्ही पाहिलंत तेच."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी काढून पाहिला आणि मला दाखवला. पडद्यावर विहीणबाईंचा फोटो होता, कपाळावर आठी असलेला. आम्ही दोघांनी एकदम काचेतून आत पाहिलं. त्या सोफ्यावर बसल्या होत्या. दोन्ही हात रिकामे होते.

ऐकायला कमी येतं म्हणून व्याह्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असे. त्यांनी तो घेतला, आवाज हळू केला आणि आमच्या दोघांच्या मध्ये धरला.

"अहो," विहीणबाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण इतका लहान मी तो कधी ऐकला नव्हता. "तुम्ही कुठे आहात? गाड्या येतात, पण मला त्यांत चढूच देत नाहीत हो. तुमचं नाव कशावरच नाही म्हणतात. इथे कोणी नाही. दिवा सारखा विझतो. हात हलवला की लागतो. मी हात हलवत बसलेय." मागे पाण्याचे नळ कण्हत होते. "मी कोणाला रागावणार नाही. तुम्ही या ना मला न्यायला."

व्याह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "तिथेच थांब," ते म्हणाले. "हलू नकोस. येतो आम्ही." आणि फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाड्यांचं मला विचारायचं, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

"आता गाडी आहे का हो?"

मी आत पाहिलं. माझी मुलगी सोफ्यावर आडवी झाली होती, त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून. कित्येक महिन्यांनी गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायची तशी. त्या बाईचा हात तिच्या केसांवरून फिरत होता, थांबत होता, फिरत होता. मग तिने मान वर केली आणि काचेतून सरळ माझ्याकडे पाहिलं, उत्तर ऐकायला थांबल्यासारखं.

मला वेळापत्रक तोंडपाठ होतं. शेवटची पिवळी गाडी आठ चाळीसला होती, परत येणारी दहा पाचला. माझ्या घड्याळात आठ वाजले होते आणि स्टेशन दहा मिनिटांवर होतं.

"नाही," मी म्हणालो. "आता सकाळीच. सह्या झाल्या की निघू."